दंडातली नळी, बेचाळीस सकाळी

डॉक्टरांनी ज्यांना "दंडात नळी बसवू, घरी जाऊन शिरेतून औषध घ्या" असं सांगितलंय आणि ते ऐकून ज्यांच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवते. माझ्या डाव्या दंडात बेचाळीस दिवस ती नळी होती. ती आम्ही घरी सांभाळली, आणि तेही लातूरला, ज्या उन्हाळ्यात लातूरच्या नळांना पाणी येणं बंद झालं होतं त्या उन्हाळ्यात. हे आम्हाला जमलं. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. मध्ये एक मोठी चूक झाली. ती माझी होती. तीही सांगणार आहे.

शिलाईची पाठ

शिलाई शिकवणाऱ्या बाईची पाठ दुखली तर त्याला कुणी आजार म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. आठवडाभर नांदेडला भाड्याच्या खोलीत राहायचं, दिवसभर मुलींच्या मशिनींवर वाकून टाके बघायचे, शनिवारी लातूरची गाडी धरायची, असं माझं अकरा वर्षं चाललं होतं. पाठ दुखली की मलम लावायचं. मलमानं भागलं नाही की पट्टा बांधायचा. मग संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला. त्यालाही मी उन्हाचा म्हणून मोडीत काढलं. एका सोमवारी वर्गात कापड बेतायला टेबलावर वाकले ती सरळच होता येईना. मुलींनी दोन्हीकडून धरून मला रिक्षात घातलं.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. लातूरहून मिस्टर आले होते. ते बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत, कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची सवय. त्यांनी फिल्मही मागच्या बाजूनं बघितली.

"हे दोन मणके," डॉक्टर म्हणाले. "आणि यांच्या मध्ये हा पू."

"कॅन्सर हाय का?" मी सरळ विचारलं.

"नाही. जंतुसंसर्ग आहे. पण तो मणका खातोय. औषध पुरं झालं तर नीट चालाल. अर्धवट राहिलं तर मणका बसेल, आणि मग पायांचं काही सांगता येत नाही."

"गोळ्या देताव का?" मिस्टरांनी विचारलं.

"गोळ्या नंतर. आधी सहा आठवडे शिरेतून."

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मुलींच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा. भीती अर्ध्या तासानं आली, रक्त द्यायच्या रांगेत बसले असताना. मी चपलेत पायाची बोटं हलवून बघितली. हलली. पुढचे सहा आठवडे मी दिवसातून किती वेळा ती बोटं हलवून बघितली याची गणती नाही.

शिरा संपल्या

दवाखान्यात सकाळी सहाला चादर बदलायची, सातला सुई, आठला चहा, नऊला डॉक्टर. मिस्टर जेवायला गुरुद्वाऱ्यात लंगरला जायचे आणि येऊन डाळीचं वर्णन करायचे. मला दवाखान्याची पिवळी खिचडी मिळायची, म्हणून मी त्यांना गप्प बसा म्हणायची.

पाचव्या दिवशी शिरा संपल्या. म्हणजे अंगात होत्या, पण सुई शिरली की फुगायच्या आणि औषध बाहेर यायचं. दोन्ही हातांवर निळे-काळे ठिपके झाले. सिस्टर चांगली होती, टोचताना माझ्यापेक्षा तीच जास्त कळवळायची. नवव्या सुईला मी तिला म्हटलं, "बाई, आता थांबा. एवढ्या टाक्यांत एक परकर शिवून झाला असता."

तेव्हा डॉक्टरांनी नळीचं काढलं. दंडाच्या आतल्या शिरेतून एक बारीक, मऊ नळी आत सरकवायची. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत राहतं, आणि दंडावर बाहेर फक्त दोन-तीन सेंटिमीटर नळी आणि एक टोपण दिसतं. औषध टोपणातून जायचं. रोज नवी सुई नाही. "कोणत्या हातात?" असं विचारल्यावर मी लगेच म्हटलं, डावा. उजव्या हातात कात्री असते.

बसवताना दुखलं नाही म्हटलं तर खोटं होईल, पण त्या नऊ सुयांपेक्षा पुष्कळ कमी दुखलं. दंडावर पारदर्शक पट्टी चिकटवली. खाली नळी दिसत होती. मी तिच्याकडं नवीन मशीन आल्यावर बघते तसं बघितलं, कुठून उघडते, कुठून बंद होते.

डॉक्टरांची अट

नळी बसल्यावर घरी औषध घेता येतं हे मला सिस्टरकडून कळलं होतं. डॉक्टर मात्र तयार नव्हते.

"नांदेडमध्ये राहत असता तर सोडलं असतं," ते म्हणाले. "विष्णुपुरी धरणात अजून तळाला का होईना पाणी आहे. लातूरला काय आहे? या नळीला हात लावायच्या आधी दरवेळी वाहत्या पाण्यात हात धुवावे लागतात. साबणानं, कोपरापर्यंत. टोपणातून जंतू आत गेला तर तो थेट हृदयापाशी जातो. तिथं रुजायला त्याला वेळ लागत नाही."

मी त्यांना सांगितलं की घरी माझ्या सासूबाई आहेत, शहात्तर वर्षांच्या. मिस्टरांची रजा संपत आली आहे. सहा आठवडे हे लातूर-नांदेड करू शकत नाहीत आणि मी सहा आठवडे या खाटेवर पडून राहू शकत नाही. पाणी नाही हे खरं आहे. पण लातूर जिल्हा झाला तेव्हा मी आठवीत होते, त्याच्या आधीपासून आम्हाला पाणी मोजून वापरायची सवय आहे. हात धुण्यापुरतं आम्ही काढू.

डॉक्टरांनी माझा केसपेपर परत एकदा चाळला. मग अट घातली. शिकलेली नर्स रोज घरी येईल, तीच नळीला हात लावेल, दुसरं कुणी नाही. आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी नांदेड. "एकदा जरी नळी बिघडली, तर मी ती काढणार आणि उरलेले दिवस तुम्ही इथंच. ऐकलं का?"

"ऐकलं," मी म्हटलं.

नसीम

नर्स शोधली ती मिस्टरांच्या वर्कशॉपमधल्या एका जोडीदाराच्या ओळखीनं. नसीम. पस्तिशीची, बारकी, स्कूटीवर येणारी. दवाखान्यात नऊ वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेलं. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सोडली आणि घरोघरी जाऊन इंजेक्शन-ड्रेसिंग करायला लागली.

पहिल्या दिवशी तिनं नळी बघायच्या आधी घर बघितलं. न्हाणी, स्वयंपाकघर, पिंपं, माझी खोली.

"मॅडम, एक बोलू का? राग येऊ द्यायचा न्हाई."

"बोला."

"घर साफ हाय. पण हात धुवायचं काय करताव?"

मी तांब्या दाखवला. दुसऱ्यानं तांब्यानं पाणी ओतायचं, खाली घमेलं ठेवायचं, घमेल्यातलं पाणी फरशीला. सगळ्या लातूरनं असेच हात धुतले त्या वर्षी.

"ह्ये न्हाई चालायचं. वतणाऱ्याची बोटं पिंपात बुडतेत. मला नळ पायजे. धार पायजे."

"नळाला पाणी कुठून आणू, बाई?"

"त्ये तुमचं तुम्ही बघा. मी उद्या साडेनऊला येते. नळ नसला तर हात लावत न्हाई."

मला ती तिथंच आवडली. मी स्वतः वर्गात अशीच बोलते.

मिस्टरांनी संध्याकाळपर्यंत नळ केला. वीस लिटरचा कॅन, तळाला पितळी तोटी, तो कॅन वऱ्हांड्यात उंच स्टुलावर. तोटीला तार, तारेला जुन्या क्लचची पट्टी, पट्टी जमिनीवर. पायानं दाबली की धार, सोडली की बंद. हातानं कुठंच शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी नसीमनं तीनदा पाय दाबून बघितला.

"भाईसाब, दवाखान्यातबी असा नव्हता," ती म्हणाली. मिस्टर दिवसभर त्याच वाक्यावर चालले.

सलाइनची बाटली टांगायला आम्ही शिवणकामाचा पुतळा घेतला, ज्याच्यावर ब्लाउज चढवून बघतात तो. त्याच्या मानेच्या दांड्याला आकडा होता. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, तो कधीच आवडला नव्हता. "रोज सकाळी त्या बिनमुंडक्या बाईसमोर हात पसरून बसती," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

पहिलं, दुसरं, तिसरं

नळी सांभाळायची म्हणजे काय, तर फार काही नाही, पण जे आहे ते रोज. आधी हात. मग टोपण औषधाच्या फडक्यानं घासायचं, पंधरा सेकंद मोजून. मग सलाइनची पिचकारी, थोडं ढकल, थांब, थोडं ढकल, थांब, असं करत. मग औषध, अर्धा तास. मग परत पिचकारी. आठवड्याला पट्टी बदलायची. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, त्या हातानं जड उचलायचं नाही, आंघोळीला प्लास्टिक गुंडाळायचं.

बाहेर राहिलेली नळी किती आणि दंडाचा घेर किती, हे रोज मोजायचं. नळी बाहेर सरकली किंवा दंड सुजला तर त्यावरून कळतं. हे काम मी माझ्याकडं घेतलं. मी माप सांगायचे, नसीम वहीत लिहायची. वही आयटीआयच्या जर्नलसारखी मी आखून दिली होती. तारीख, ताप, घेर, बाहेरची लांबी, पट्टी कोरडी का ओली, पिचकारी सहज गेली का अडली.

तशीच आखणी मी घरातल्या पाण्याची केली. टँकर आठवड्या-दहा दिवसांनी यायचा, घरटी एक पिंप. त्याच्यातलं गाळून, उकळून घेतलेलं ते पहिलं पाणी. पिणं, स्वयंपाक आणि नसीमचा कॅन याच्यासाठी. आंघोळीचं आणि भांड्यांचं दुसरं. हात, भाज्या, तांदूळ धुतलेलं घमेल्यात जमायचं ते तिसरं. ते फरशीला आणि संडासला. प्रत्येक पिंपावर मी खडूनं आकडा घातला. एक थेंब दोनदा वापरल्याशिवाय घराबाहेर जात नव्हता. भेटायला येणारी माणसं फळं आणत नव्हती, पाण्याची बाटली आणायची. एक शेजारीण शेतातल्या बोअरचं पाणी पाच लिटरच्या कॅनमधून घेऊन आली आणि संत्र्यांची पिशवी द्यावी तसा तो कॅन तिनं माझ्या पायाशी ठेवला.

पाणी आणायचं काम मिस्टरांवर आलं. गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहारासमोर टँकर थांबायचा. रांग बायकांची. त्यात हे एकटे पुरुष, दोन घागरी घेऊन. मी खिडकीतून ऐकायची.

"काय भाऊजी, वहिनीला राणी करून बसवलाव का?"

"बसवलंय की. तुम्हाला बसवायला सांगू का तुमच्या नवऱ्याला?"

"आमचा कुठला बसवतोय. त्यो सोताच बसलाय सा म्हैनं झालं."

हसणं व्हायचं. पण महिना उलटला तशा त्याच बायका त्यांच्या घागरी पुढं सरकवायला लागल्या. "ह्यांचं आधी भरू द्या, घरी नळीवाली बाई हाय." नळीवाली बाई हे माझं गल्लीतलं नाव झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. मॅडमपेक्षा ते बरं होतं, त्यात मी काय करते आहे ते तरी होतं.

घरात कुरबुर झाली नाही असं नाही. ड्युटी करून आलेला माणूस घागरी वाहतो, सासूची भाकरी करपते, आणि मी खाटेवर बसून आकडे सांगते. एकदा मिस्टर म्हणाले, "तुला सुपरवायझरची जागा द्यायला पायजे होती." मी म्हटलं, "दिलेलीच हाय." ते बोलले नाहीत दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कॅन भरताना विचारलं, "पहिलंच ना ह्ये?" तेवढ्यावर आमचं मिटलं.

कूलर

एप्रिल संपता संपता ऊन असं पडलं की पट्टीखाली घामाचे थेंब दिसायला लागले. पट्टीची कड सुटायला लागली. नसीम म्हणाली, खोली थंड ठेवा. आमच्याकडं पत्र्याचा कूलर होता, पण कूलरला दिवसाला पाच-सहा घागरी पाणी लागतं. त्या वर्षी कुणी कूलर लावतच नव्हतं.

मला युक्ती सुचली. तिसरं पाणी. नाही तरी ते फरशीलाच जातं. घमेल्यातलं पाणी जुन्या साडीतून गाळून कूलरमध्ये घालायचं आणि तो नसीमच्या वेळेपुरताच लावायचा. ते कुठं प्यायचंय? नुसता वारा येणार. फरशी एक दिवसाआड पुसू. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की शेजारच्या दोन घरांनाही मी सांगितलं.

आत्याबाई म्हणाल्या, "हाताचं धुतलेलं वाऱ्यात कशाला घालायलाव? त्यो वारा तोंडावर येतोय की."

"आत्याबाई, वाऱ्याला काय लागतंय?"

"न्हाई लागत, तर घाला बाई. म्या काय शिकलेली हाय का."

नसीम यायच्या वेळेला कूलर चालू असायचा, खोली गार. त्या गारव्यात ती माझं टोपण उघडायची. पाच-सहा दिवस गेले. एक दिवस दारातच थांबली. "वास कशाचा येऊ लालाय?" मी म्हटलं, कूलरचं गवत जुनं झालंय. हे मी खोटं सांगितलं नाही, मला खरंच तसं वाटलं होतं. पण पाण्याचं मी तिला बोलले नाही. तिनं विचारलं नाही आणि मला सांगण्यासारखं वाटलं नाही.

तेविसाव्या दिवशी पिचकारी झाली, औषध लागलं, आणि दहा मिनिटांत मला थंडी भरली. बाहेर बेचाळीस अंश असताना माझे दात वाजायला लागले. खाट हलत होती. पुतळ्यावरची बाटली हलत होती.

नसीम ओरडली नाही. तिनं औषध बंद केलं, नळीचा चिमटा लावला, टोपण झाकलं, ताप घेतला, वहीत वेळ लिहिली आणि मिस्टरांना वर्कशॉपमध्ये फोन केला. "भाईसाब, गाडी घेऊन या. नांदेडला जायचंय. आत्ता." मग डॉक्टरांना फोन. तोपर्यंत आत्याबाईंनी माझ्यावर दोन गोधड्या टाकल्या होत्या. नसीमनं एक काढली आणि माझ्या अंगावर हात ठेवून बसली. तेव्हा तिची नजर कूलरवर गेली. ती उठली आणि तिनं मागची जाळी वर केली. पाण्यावर साबणाचा फेस होता आणि तांदळाच्या धुवणाची पांढरी साय.

ती माझ्याकडं वळली. "मॅडम, ह्ये काय घातलंव?"

मी सांगितलं. तिनं कूलर बंद केला आणि परत माझ्यापाशी येऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवस

लातूरहून नांदेडपर्यंत मी पायाची बोटं हलवत गेले. नसीम सोबत आली होती, दुसऱ्या पेशंटांना मैत्रिणीच्या हवाली करून. पुढच्या सीटवर मिस्टर. अहमदपूर मागं पडल्यावर ते मान न वळवता म्हणाले, "कूलरचं सांगायचं न्हाई डॉक्टरला. सांगितलं की घरी सोडणार न्हाईत. उरलेलं तिथंच. माझी रजा संपली, आईला कोण बघणार?"

नसीम खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्याकडं बघितलं.  तिनं नळीवरचा चिमटा तेवढा परत एकदा चाचपला.

डॉक्टरांनी नळीतून रक्त घेतलं आणि उजव्या हातातूनही घेतलं. दोन्ही तपासायला पाठवलं. त्यात जंतू वाढतो का हे दोन दिवसांनी कळणार होतं. तोपर्यंत नळीला हात लावायचा नाही, औषध उजव्या हाताच्या एका शिरेतून, जी कशीबशी सापडली.

"घरी काय बदललं या आठवड्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

मिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी डोळ्यांनी मला थांबवलं. मला त्यांचं पटत होतं हे मान्य करते. तो हिशोब सोपा होता. गप्प राहिले तर कदाचित घर, बोलले तर नक्की खाट. पण मी वीस वर्षं मुलींना सांगत आले आहे की शिवण चुकली तर उसवून दाखवा, वरून इस्त्री मारू नका. मी सांगितलं. घमेलं, साडीतून गाळणं, कूलर, आत्याबाई काय म्हणाल्या तेही. नसीमला हे माहीत नव्हतं, हे मी दोनदा सांगितलं.

डॉक्टरांनी पेन बंद केलं. "बाई, तुम्ही गटारीचा फवारा मारत होता नळीवर."

"हो."

"त्यानंच झालं असं मी आत्ता म्हणत नाही. पण तो मूर्खपणा होता."

"हो," मी परत म्हटलं.

मिस्टर बाहेर निघून गेले. ते दोन दिवस माझ्या सगळ्या आजारपणातले सर्वात वाईट. दुखत काही नव्हतं. पुन्हा थंडी वाजली नाही. नुसती वाट बघायची, आणि ती माझ्याच हातानं ओढवून घेतलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. दोन्ही रक्तांत काही वाढलं नव्हतं. ताप कशाचा होता ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. वेळेवर चिमटा लागला म्हणून वाचले की मुळात दुसरंच काही होतं, कुणी सांगू शकत नाही. मग त्यांनी नसीमची वही मागितली. ती उभी होती, हात पाठीमागं बांधून. डॉक्टरांनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एकही दिवस सुटलेला नव्हता. घेर, लांबी, ताप. शेवटच्या पानावर थंडी सुरू झाल्याची वेळ, चिमटा लावल्याची वेळ, फोनची वेळ. दोन मिनिटं, चार मिनिटं, सात मिनिटं.

"माझ्या वॉर्डात असं लिहीत नाहीत," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वही बंद करून तिच्या हातात दिली, माझ्या नाही. "नळी ठेवतो. घरी न्या. कूलर विकून टाका."

मिस्टर दारात होते. त्यांना विश्वास बसेना. "सर, मला वाटलं ह्ये ऐकून तुम्ही सोडणार न्हाई."

"बाईंनी लपवलं असतं आणि मला नंतर कळलं असतं, तर नसतं सोडलं."

उरलेले दिवस

कूलर विकला नाही, वऱ्हांड्यात उलटा करून ठेवला. आत्याबाईंपुढं मी माझी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "असू दे. शिकलेल्यांचंबी चुकतंय म्हंजे आमचं लई काय वाईट न्हाई." आणि पुढचे आठ दिवस हे त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. तो माझा दंड होता, मी भरला. ज्या दोन घरांना युक्ती दिली होती तिथंही निरोप पाठवला की बंद करा.

नसीम आता साडेनऊऐवजी सहाला यायला लागली, ऊन चढायच्या आत, म्हणजे पट्टीखाली घाम येत नाही. त्यासाठी ती पाचला घर सोडायची. आल्याबरोबर सगळ्या पिंपांवरचे आकडे वाचायची, झाकणं उघडून बघायची, मग पायानं नळ दाबायची. मला एका शब्दानं बोलली नाही, पण माझ्यावर पहिल्यासारखा भरवसाही ठेवला नाही. तेच बरोबर होतं. रोज झाकण उघडून बघणारं माणूस घरात येतं, यासारखं सुख नाही, हे मला तेव्हा समजलं.

मी बसून मुलींच्या परीक्षेचे कागदी नमुने कापायला लागले. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. पस्तिसाव्या दिवशी विहारापर्यंत चालत गेले. रांगेतल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. कुणीतरी म्हणालं, "बघा, नळीवाली चालू लालीय." मी पावलं मोजत परत आले. एप्रिलपासून शहराला रेल्वेनं पाणी येत होतं, त्याच्या बातम्या सगळीकडं होत्या. आमच्या गल्लीत मात्र त्या दिवशी माझ्या चालण्याचीच चर्चा होती, असं मिस्टर सांगतात. ते जरा वाढवून सांगतात.

बेचाळिसावी सकाळ

नांदेडला आम्ही तिघं गेलो. नसीमनं त्या दिवसाचे पैसे घ्यायला आधीच नकार दिला होता. "मला बघायचंय," एवढंच म्हणाली.

फिल्म चांगली होती. पू गेलेला. मणका जागेवर. डॉक्टरांनी सिस्टरला ट्रे आणायला सांगितला. सिस्टरनं हातमोजे पुढं केले, तर त्यांनी ते घेतले नाहीत. नसीमकडं बोट केलं.

"तुमची नळी आहे. तुम्ही काढा."

नसीमचा चेहरा मी त्याआधी असा कधी बघितला नव्हता. ती बेसिनपाशी गेली. तिथं साधा नळ होता, भरपूर पाण्याचा. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश, पूर्ण वेळ घेऊन. मग माझ्याजवळ आली. "मॅडम, श्वास सोडा." नळी अशी आली, जशी शिवणीतून कच्चा धागा येतो. अजिबात दुखलं नाही. तिनं टोक उजेडात धरून बघितलं, अख्खं आहे ना, डॉक्टरांना दाखवलं, आणि पाच मिनिटं दंडावर बोट दाबून उभी राहिली. मी माझ्या कामाबद्दल आयुष्यात पुष्कळ वेळा अभिमान बाळगला आहे. दुसऱ्याच्या कामाबद्दल इतका, तो पहिल्यांदा.

बाहेर बाकड्यावर एक माणूस बसला होता, हिमायतनगरकडचा. बायकोला आत तसलीच नळी बसवायची होती आणि तो घाबरून नाही म्हणत होता. डॉक्टरांनी त्याला आमच्याकडं पाठवलं.

"बाई, घरी जमतंय का हो ह्ये?" त्यानं विचारलं. "आमच्यात कुणी शिकलेलं न्हाई. पाण्याची बोंब हाय."

"पाणी कितव्या दिवशी येतंय?"

"चौथ्या."

मी नसीमकडं बघितलं. तिनं पर्समधून वही काढली होती, कोरं पान उघडलं होतं.

"मग जमतंय," मी म्हटलं. "बसा. आधी हात कसे धुवायचे त्ये ह्या सांगतील. काय करायचं न्हाई, त्ये मी सांगते."